एकोणीस जागा

२ फेब्रुवारी, सोमवार

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही बोलत तर नाहीच, निदान लिहीत तरी जा. गिऱ्हाइकांच्या चष्म्यांचे नंबर टिपायची एक जुनी वही दुकानात होती. तिची मागची पानं कोरी आहेत. तिथेच लिहितोय.

ही गेली त्याला आज एकेचाळीस दिवस झाले. भेटायला येणारे आता थांबले, ते बरं झालं. "फार त्रास नाही झाला" हे प्रत्येकाला सांगून सांगून जीभ जड झाली होती. त्रास झाला होता. डोक्यातली गाठ कळल्यापासून पाच महिने झाला होता.

दुपारी संग्रहालयाच्या प्रमुख बाई दुकानात आल्या. चष्म्यासाठी नाही. ही तिथेच कामाला होती, तिच्या टेबलावरच्या वस्तू एका खोक्यात आणल्या होत्या, सोबत अकरा वह्या आणि टाइप केलेला एक गठ्ठा. हिने बावीस वर्षं डोंगराची जी नोंद केली तिचं पुस्तक निघणार आहे. दगडमाती, झरे, झाडं, पक्षी आणि जुनी कोरीव कामं, सगळं त्यात येणार. छापखान्याची तारीख अठ्ठावीस. टाइप केलेली यादी हिच्या वह्यांशी ताडून बघायची आहे आणि हिचं अक्षर संग्रहालयात कुणाला लागत नाही.

मी म्हणालो, चाळीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतोय, मला कुठलंही अक्षर लागतं. त्या हसल्या. मग हसल्याबद्दल ओशाळल्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानाला सुट्टी. घरात बसवत नाही. सकाळपासून तीन वेळा दुकानापर्यंत जाऊन, कुलूप ओढून बघून परत आलो.

दुकानासमोरून डोंगर पूर्ण दिसतो. इतकी वर्षं दिसतोय, पण मी त्याच्याकडे भिंतीवरच्या घड्याळासारखं बघत आलो. आज हिची पहिली वही घेऊन बाकावर बसलो आणि वाचत वाचत बघितलं. खालचा तिसरा हिस्सा काळा पाषाण, त्यात पाणी मुरत नाही. मग तांबड्या मातीचा पट्टा. हिने लिहिलंय की दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात ही माती तयार झाली, वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती भाजून विटेसारखी लाल झाली. वरचं पाणी मुरत मुरत ह्या पट्ट्यापर्यंत येतं आणि अडतं, म्हणून तिन्ही झरे ह्याच रेषेवर आहेत. त्याच्यावर कडे आणि माथ्यावर सपाटी. उन्हाकडची बाजू नुसती गवताची. सावलीकडची बाजू इतकी दाट की नेचे माणसाच्या खांद्याला लागतात.

लोक ह्याला देवाचा डोंगर म्हणतात. कुठला देव विचारलं तर दहा जण दहा सांगतात. हिचं म्हणणं, देव मागून आले, डोंगर आधीपासूनच पवित्र होता. म्हणून तर सगळ्यात जुन्या माणसांनी त्याच्या कपारींमध्ये हरणं कोरली, हाताचे ठसे उमटवले.

ती दर गुरुवारी वर जायची. दर गुरुवारी मला विचारायची. मी पहिल्या झऱ्याच्या वर कधी गेलो नाही. सुट्टीच्या दिवशी मला झोपायचं असायचं.

७ फेब्रुवारी, शनिवार

गिऱ्हाईक नव्हतं, दिवसभर ताडत बसलो. ताळा बसत नाही.

नोंदीची पद्धत सोपी आहे. पायऱ्यांच्या बाजूला ठरावीक ठिकाणी खुणेचे दगड आहेत. तिथे उभं राहायचं, होकायंत्र डोळ्याला लावून जागा किती अंशांवर आहे ते बघायचं आणि मग टेपने अंतर मोजायचं. ही बघायची, मोजणीदार टेप ओढायचा. जागेवर कच्च्या वहीत लिहायचं, घरी येऊन पक्की यादी करायची.

एकूण सत्त्याऐंशी जागा आहेत. झरे बरोबर, मोठी झाडं बरोबर, गिधाडांच्या घरट्यांचा कडासुद्धा बरोबर. पण कोरीव कामाच्या एकोणीस कपारींत कच्ची वही एक सांगते आणि पक्की यादी दुसरं. अंतर तेच, अंश वेगळे. प्रत्येक ठिकाणी चार अंश जास्त. पाचशे मीटरवर चार अंश म्हणजे पस्तीस मीटर. त्या जंगलात पस्तीस मीटर म्हणजे दुसरीच घळ.

८ फेब्रुवारी, रविवार

झोप नीट नाही. पहाटे उठून चालून आलो, मग वेळेआधीच दुकान उघडलं.

हाताची चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. सारखी एकाच बाजूला जाणारी चूक साधनाची असते. हे मी हाताखालच्या दोन्ही कारागिरांना शिकवलं. गिऱ्हाईक म्हणालं की जमीन एका बाजूला कललेली दिसते, तर त्याचे डोळे तपासत बसू नका, आधी काचेचं केंद्र बघा.

हिचं साधन म्हणजे होकायंत्र आणि चष्मा. होकायंत्र झऱ्यांना बरोबर अंश दाखवतं. राहिला चष्मा. पक्की यादी करण्याआधी ती नवा चष्मा घालून कपारी पुन्हा बघून आली असेल, असं मी धरून चाललो. तिचा नंबर उणे नऊ. इतक्या जाड काचेत केंद्र सात-आठ मिलिमीटर सरकलं तर वस्तू बरोबर चार अंश बाजूला दिसते. मी कागदावर गणित करून बघितलं. मग पुन्हा केलं.

आणि फक्त कपारींनाच का, तर तिथे अंधार असतो. अंधारात बाहुली मोठी होते आणि काचेतला दोष जास्त जाणवतो.

तिचे सगळे चष्मे मी केले. लग्नानंतर दुसऱ्या कुणाच्या हातचा चष्मा तिने घातला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

खोक्यात तिचा डोंगरावरचा चष्मा होता, दोरीवाला. यंत्राखाली धरला. केंद्र जिथे हवं तिथेच. पुन्हा धरला. घरी जाऊन आधीचे दोन्ही शोधून आणले. तेही बरोबर. अर्धा मिलिमीटरही इकडे-तिकडे नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. चष्मा नाही, तर मग डोकं. पण यादीतली पहिली चुकीची नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे गाठ तेव्हापासून होती. सहा वर्षं ती समोर बसून जेवत होती आणि मी, लोकांचे डोळे तपासणारा माणूस, काही बघितलं नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीचं काय आठवतं ते आठवून बघितलं. त्या वर्षी तिचा लेख संग्रहालयाच्या अंकात आला होता, नकाशासकट. थोड्याच दिवसांनी कुणीतरी वरच्या एका कपारीतली हरणांची अख्खी रांग करवतीने कापून नेली. ही दोन दिवस जेवली नव्हती. त्या लेखाबद्दल तिचा सत्कार झाला त्याला मी गेलो नव्हतो, त्याचाच राग असेल म्हणून मीही गप्प राहिलो. पुढे ती बदललीच. लेख लिहिणं बंद केलं, वह्या कपाटात कुलपात ठेवायला लागली. डॉक्टर म्हणाले होते, अशा आजारात माणूस संशयी होतो. तेव्हापासूनच असणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर जाऊन आलो. पाय थरथरतायत, तरी लिहितो.

हिच्याबरोबर टेप ओढणारा मोजणीदार आता निवृत्त आहे. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण चढताना बोलत राहतो. काल त्याला म्हणालो, सतरा नंबरची कपार बघायची आहे. तो जरा वेळ बघत राहिला. गुडघ्याचं काय, म्हणाला. माझा गुडघा ठीक आहे, मी सांगितलं. "माझ्या गुडघ्याचं म्हणतोय मी, चष्मेवाले." पण आला.

काळ्या दगडाच्या पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्यात. बशीत पाय ठेवत चढल्यासारखं वाटतं. तांबड्या पट्ट्यात दोनदा घसरलो. मोजणीदार म्हणाला, बाई इथे दर वेळी घसरायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, पुढच्या गुरुवारी काठी आणते. मला हे माहीत नव्हतं. तिचे कपडे लाल का यायचे ते मी कधी विचारलं नव्हतं.

खुणेच्या दगडावरून आधी पक्क्या यादीप्रमाणे गेलो. करवंदीची जाळी आणि दगडांची रास. मोजणीदार लांब उभा राहून विडी ओढत होता. मी म्हणालो, इथे काही नाही. "नाहीच," तो म्हणाला. मग कच्च्या वहीप्रमाणे गेलो. तो मुकाट्याने मागे आला.

नेच्यांच्या मागे वाकून आत शिरायचं. आत गार आणि कोरडं. डोळे सरावायला पाच मिनिटं लागली. मग उजव्या भिंतीवर हात दिसले. माणसांचे हात, भुरक्या रंगाचे, तीसेक असतील. काही खूप लहान. खाली हरणं, एक मागे वळून बघणारं. जमिनीतल्या दगडात घासून घासून केलेले वाटीएवढे खळगे. हिने वहीत लिहिलंय, चार हजार वर्षांच्या आसपास. एका ठशाची करंगळी वाकडी आहे. त्या माणसाची मोडली असेल आणि तशीच जुळली असेल.

मी त्या हातावर हात ठेवला. ठेवायचा नसतो हे नंतर आठवलं.

बाहेर आल्यावर मोजणीदार म्हणाला, "बघितलंत. आता बाईंनी ठेवलंय तसंच राहू द्या." मला वाटलं आत हिचं काही सामान राहिलंय. तसं विचारलं तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, सामान कसलं. उतरताना मात्र फार बोलला नाही. दमला असेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ती चुकली नव्हती. डोंगरावर बघताना, मोजताना, लिहिताना एकदाही नाही. घरी उतरवून घेतानाच काहीतरी व्हायचं. एकोणीसच्या एकोणीस जागा आता मी दुरुस्त करीन. तेवढं माझ्या हातात आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

यादी संग्रहालयात देऊन आलो. एकोणीस दुरुस्त्या लाल शाईत. प्रमुख बाईंनी उभं राहून घेतली. म्हणाल्या, पुस्तक हातात घेऊन शाळेतलं पोरही जागेवर पोचलं पाहिजे, अशी माझी इच्छा आहे. मी म्हणालो, आता पोचेल.

आज पहिल्यांदा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मुलीला फोन करून यादीचं सांगितलं, वर चढून आल्याचं तेवढं नाही, ओरडली असती. तिलाही बरं वाटलं असावं. "बाबा, तुम्ही आज सलग दहा मिनिटं बोललात," म्हणाली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी मोजणीदार चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आला. स्क्रू बसवता बसवता मी त्याला सांगितलं की यादीतले चार-चार अंश मी सगळीकडे काढून टाकले, आता पुस्तकात एकही चूक नाही.

तो उभा होता तो खुर्चीत बसला. मग उठून त्याने दुकानाचं दार लावून घेतलं.

"चष्मेवाले, तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं त्या दिवशी तुम्ही माहीत असून आलात. शेवटचं बघायला."

मग त्याने सांगितलं. मी त्याचं जसंच्या तसं लिहू शकत नाही, डोकं तेव्हा जागेवर नव्हतं. हरणांची रांग कापून नेली ती हिच्या लेखातल्या अंशांवरून. करवत घेऊन आलेली माणसं सरळ त्याच कपारीपाशी गेली, कुठे शोधाशोध केल्याची खूण नव्हती. लेखात न छापलेल्याही दोन जागा त्यांना सापडल्या. त्या फक्त संग्रहालयाच्या वरच्या कचेरीत, तिथल्या कपाटातल्या यादीत होत्या. कुणी दिल्या ते आजवर कळलं नाही. त्यानंतर ही प्रत्येक कपार चार अंशांनी ढकलून लिहायला लागली.

मी विचारलं, चारच का.

"तीनच ढकलले तर वरच्या दगडावर चढलं की खरी कपार दिसते. पाच घेतले तर दोन ठिकाणी माणूस सरळ कड्यावरून जाईल. चोर असला म्हणून काय मारायचाय का त्याला, म्हणायच्या."

मला काय विचारायचं होतं ते त्याला कळलं असावं. तो म्हणाला, "चष्मेवाल्यांना सांगू का, असं मी एकदा बाईंना विचारलेलं. त्या म्हणाल्या, यांना खोटं बोलता येत नाही. फ्रेम शोभत नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात."

तो गेल्यावर बघतो तर स्क्रू माझ्याच मुठीत होता. बसवायचा राहिला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. एका बाईंना दुसऱ्याच बाईंचा चष्मा दिला. त्या घालून म्हणाल्या, छान दिसतंय. मी काढून घेतला.

प्रमुख बाईंना खरं सांगावं असं वाटतं. चोरी झाली तेव्हा त्या इथे नव्हत्या, आणि माणूस खरा आहे. पण खरा आहे हीच अडचण. चुकीची जागा जाणूनबुजून छापणार नाहीत. खरी कळली की ती त्यांना वरच्या कचेरीला कळवावी लागेल, आणि तिथलं ते कपाट अजून तिथेच आहे. आणि पुस्तक छापलं तर कपाटाचीही गरज नाही.

मोजणीदार सकाळी येऊन गेला. तो म्हणतो, दुरुस्त्या मागे घ्या, पहिलीच यादी जाऊ द्या. पण प्रमुख बाईंनी शनिवारी दोन माणसं वर पाठवून पहिल्या यादीतल्या दोन जागा बघून घेतल्यात, दोन्हीकडे जाळी आणि दगड. उद्या ती माणसं माझ्या दुरुस्त्या घेऊन जाणार आहेत. दुपारी.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दहाला संग्रहालयात गेलो. हिच्या खोलीत आता दुसरं कुणी बसतं. प्रमुख बाईंनी चहा मागवला. मी बसलो नाही, मग त्याही उभ्याच राहिल्या.

मी सांगितलं की एकोणीस जागा पुस्तकातून काढून टाका. माझ्या दुरुस्त्या खोट्या आहेत. वह्यांत तसं काही नाही, मी मनाने आकडे घातले. तिचं चुकलेलं मला बघवेना.

त्या म्हणाल्या, पण पुस्तकाचा जीव तर ह्याच जागा आहेत. मूळ यादीत काय दोष आहे? मी म्हणालो, तीही चूक आहे, तुमच्या माणसांनी बघितलंच. तिला जागा आठवत नव्हत्या.

"ह्या नोंदी सहा वर्षांच्या आहेत."

"तेव्हापासूनच."

त्या खिडकीपाशी गेल्या. परत आल्या. हरणांची, हातांची चित्रं आहेत की तिची, म्हणाल्या, इतकी बारीक. मी म्हणालो, चित्रं ती घरी काढायची, जेवणाच्या टेबलावर बसून. हे खरं आहे. एवढंच एक खरं होतं.

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "मला स्पष्ट सांगा. ह्या कपारी आहेत तरी का?"

माझ्या तळव्याला त्या भिंतीचा गारवा अजून आहे असं वाटलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही. मी कधी वर गेलो नाही."

त्यांनी विश्वास ठेवला. मी वर जात नाही हे गावभर माहीत होतं. दुपारची माणसं त्यांनी फोन करून थांबवली. म्हणाल्या, आणखी खोदून तिची शोभा करायची नाही मला. त्यांनी एक टीप लिहून घेतली, "अखेरच्या काही वर्षांत प्रकृतीच्या कारणाने लेखिकेच्या काही नोंदी विश्वसनीय राहिल्या नाहीत, त्या कुटुंबीयांच्या संमतीने गाळल्या आहेत." खाली मी सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, पण चालली. निरोप देताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. असं कबूल करायला धैर्य लागतं, म्हणाल्या.

घरी आलो आणि दार लावून बसलो. बऱ्याच दिवसांनी बसलो.

२१ मार्च, शनिवार

पुस्तक निघालं. अडुसष्ट जागा. छपाई चांगली आहे, झऱ्यांचा नकाशा दोन रंगांत. तिचं नाव वर मोठ्या अक्षरात आहे आणि ती टीप शेवटच्या पानावर, बारीक. माझ्याकडे एक प्रत आली, मुलीकडे एक त्यांनी परस्पर पाठवली.

बाजारात छापखान्याचा माणूस भेटला. म्हणाला, वहिनींचं असं झालं होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, बिचाऱ्या. मी मान हलवली. पुढे किराणावालाही तेच म्हणाला. हे आता असंच चालणार.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिचा आवाज कापत होता. आईला शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींची नावं पाठ होती, बाबा. अखेरची काही वर्षं म्हणे. हे कुणी लिहिलं आणि तुम्ही सही कशी केलीत?

मी म्हणालो, हो, केली.

"खरं आहे का ते?"

फोनवर हे सांगता येत नाही. ती रडत होती की रागाने श्वास घेत होती ते कळेना. फोन ठेवेल असं वाटलं, तेव्हा मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात ये. एक दिवस पुरे.

"आता कशाला येऊ?"

"ये. आणि येताना चांगले बूट घालून ये. मधे लाल माती आहे, तिथे पाय घसरतो."

मग तिने विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हणालो, "सकाळी सहाला निघू."